न्यूटचे घर : माहितीपत्रके काय सांगतात, काय सांगत नाहीत

न्यूट हा शेपूट असलेला उभयचर प्राणी. नात्याने बेडकाचा दूरचा भाऊबंद, पण दिसायला पालीसारखा. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती पाण्यातली पालच वाटते. पण पालीचे अंग कोरडे आणि खवल्यांनी झाकलेले असते, तर न्यूटची त्वचा उघडी, मऊ व ओलसर असते. या त्वचेतून तो श्वासोच्छ्वासाचा बराच भाग उरकतो, पाणीही तिच्यातूनच शोषून घेतो. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढचे बहुतेक मुद्दे शेवटी या ओल्या त्वचेपाशीच येऊन पोहोचणार आहेत.

महाराष्ट्रात न्यूट आढळत नाही. भारतात तो दार्जिलिंगच्या परिसरात आणि ईशान्येकडील डोंगराळ भागात आहे. तेथील हिमालयी न्यूटला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडून घरी आणण्याचा प्रश्नच येत नाही. युरोप, अमेरिका आणि जपान येथे मात्र घरात किंवा शाळेच्या वर्गात काचेच्या टाकीत न्यूट ठेवण्याचा छंद जुना आहे. तिथल्या दुकानांत वर्षानुवर्षे सर्रास दिसत आला तो पूर्व चीनमधला लाल पोटाचा न्यूट, म्हणजे सायनॉप्स ओरिएंटॅलिस. लांबी जेमतेम बोटाएवढी, पाठ काळी, पोट लालभडक. जपानमधला त्याचा नातेवाईक सायनॉप्स पायऱ्होगॅस्टर थोडा मोठा असतो.

असा प्राणी विकत घेणाऱ्याच्या हाती एक-दोन पानांचे माहितीपत्रक पडते. टाकी केवढी असावी, पाणी किती, तापमान किती, खायला काय, असा त्यातला मजकूर. ही पत्रके बऱ्याच संख्येने वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. लिहिणारे वेगवेगळे असले तरी पाच-सहा वाक्ये सगळीकडे तीच असतात. या लेखात त्या वाक्यांचेच परीक्षण करायचे आहे.

परीक्षण पुस्तकांचे करतात, दोन पानी पत्रकाचे कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. शाळा सुटल्यावर बहुतेक माणसे विज्ञान म्हणून जे काही वाचतात ते असल्याच मजकुरातून : औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, खताच्या पोत्यावरच्या सूचना, प्रेशर कुकरबरोबर आलेली पुस्तिका. अशा लेखनाची बरी-वाईट पारख कोणी करीत नाही. दुसरे कारण अगदी जवळचे आहे. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयांच्या दुकानांतही अलीकडे न्यूटचा एक मेक्सिकन नातेवाईक, ॲक्झोलोटल, दिसू लागला आहे. त्याच्याबरोबर परदेशी पत्रकांतली वाक्येही आली आहेत. वाक्ये तीच, हवा मात्र आपली.

पहिले वाक्य : ‘एका जोडीसाठी १० गॅलनची टाकी पुरते’

या वाक्यात आकडा आहे, म्हणून ते शास्त्रीय वाटते. पण गॅलन कोणता? अमेरिकन गॅलन सुमारे ३.८ लिटरचा, ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५ लिटरचा. म्हणजे हीच टाकी एका देशात ३८ लिटरची आणि दुसऱ्या देशात ४५ लिटरची.

त्याहून मोठी अडचण म्हणजे आकारमान हे एकच माप न्यूटच्या दृष्टीने पुरेसे नाही. न्यूट माशासारखा पाण्याच्या मधल्या थरात फिरत राहत नाही. तो बहुतेक वेळ तळावर चालतो आणि हवा घ्यायला अधूनमधून वर येतो. त्याच्यासाठी तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. अमेरिकेत मिळणारी १० गॅलनची ठरावीक टाकी साधारण ५१ सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद असते. तळ झाला सुमारे १,२७५ चौरस सेंटिमीटर. ७६ बाय ३० सेंटिमीटरच्या बुटक्या, लांब टाकीचा तळ २,२८० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. उलट तेवढ्याच लिटरची उंच, निमुळती टाकी दिवाणखान्यात शोभून दिसते, पण न्यूटला तिचा उपयोग कमी.

मग आकारमानाला काही अर्थच नाही का? आहे, पण तो अर्थ पत्रकात येत नाही. पाणी जास्त असले की त्यात पडणारी घाण विरळ होते आणि बाहेरच्या उन्हाचा परिणाम सावकाश होतो. मोठ्या टाकीतली चूक सावकाश घडते, त्यामुळे सुधारायला वेळ मिळतो. एवढे एक वाक्य जोडले असते तर वाचकाला ‘पुरते’ या शब्दाचा अर्थ कळला असता आणि ३० लिटरच्या टाकीत काय धोका आहे याचा अंदाज त्याचा त्यालाच बांधता आला असता.

दुसरे वाक्य : ‘अर्धी जमीन, अर्धे पाणी ठेवावे’

उभयचर या शब्दाचे शाळेतले भाषांतर ‘जमिनीवर आणि पाण्यात राहणारा’ असे आहे. पत्रकाने तेच शब्दशः टाकीत उतरवले आहे : अर्ध्या भागात दगड-माती, अर्ध्यात पाणी. दिसायला छान. पण उभयचरांचे बहुतेकदा असे असते की आयुष्याचा एक टप्पा पाण्यात जातो आणि दुसरा जमिनीवर. दोन्हीकडे एकाच दिवशी निम्मे-निम्मे राहणे हा त्याचा अर्थ नव्हे.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला नोटोफ्थॅल्मस व्हिरिडेसेन्स हा न्यूट याचे उत्तम उदाहरण आहे. अंड्यातून निघालेला डिंभ कल्ल्यांनी श्वास घेत पाण्यात वाढतो. मग रूपांतरण होऊन तो नारिंगी रंगाचा होतो, पाणी सोडतो आणि जंगलातल्या पालापाचोळ्यात साधारण दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ काढतो. त्यानंतर पुन्हा रूप पालटून हिरवट होतो आणि पाण्यात परततो. युरोपातला मोठा तुरेवाला न्यूट वसंतात प्रजननासाठी तळ्यात उतरतो आणि वर्षाचा उरलेला बराच काळ जमिनीवर घालवतो. दुकानातला प्रौढ चिनी न्यूट मात्र बहुतांशी जलचर आहे. त्याला टेकायला पाण्याबाहेर आलेला एखादा दगड किंवा तरंगता बुचाचा तुकडा पुरतो. त्याचीच पिल्ले मात्र रूपांतरणानंतर जमिनीवर राहतात आणि खोल पाण्यात ठेवली तर बुडू शकतात.

म्हणजे ‘अर्धे-अर्धे’ हे सूत्र कोणत्या जातीचे, कोणत्या वयाचे, हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. शिवाय त्याचा हिशेब करून पाहा. वरच्या ३८ लिटरच्या टाकीचा अर्धा तळ जमिनीला दिला आणि उरलेल्या भागात १२ सेंटिमीटर पाणी भरले तर पाणी झाले साडेसात लिटर, म्हणजे अर्धी बादली. पहिल्या वाक्याने दिलेली मोठ्या टाकीची सुरक्षितता दुसऱ्या वाक्याने काढून घेतली. दोन्ही वाक्ये एकाच पानावर असतात, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे पत्रक कुठेच सांगत नाही.

तिसरे वाक्य : ‘खोलीचे तापमान चालते’

सगळ्यात घातक वाक्य हेच. ज्याने ते लिहिले त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. जर्मनीत किंवा इंग्लंडात वर्षाचे बरेच महिने घरातली खोली १८ ते २० अंश सेल्सिअसला असते. चिनी न्यूटला साधारण १५ ते २० अंश मानवते. २४-२५ च्या वर तापमान काही दिवस राहिले की तो खाणे सोडतो, रोगांना बळी पडतो आणि अखेर मरतो. ॲक्झोलोटलचेही थोडेफार तसेच आहे. ‘खोलीचे तापमान’ हा शब्दप्रयोग तिथल्या खोलीत बरोबर आहे. तो विमानाने मुंबईला किंवा नागपूरला आला की चूक होतो.

असे का व्हावे? पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन तापमानाबरोबर कमी होतो. हवेशी संपर्कात असलेल्या गोड्या पाण्यात १५ अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेग घेतात. दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट, असा अंदाज जीवशास्त्रात वापरतात. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्वचेतून श्वास घेणाऱ्या प्राण्याला ही कात्री दोन्ही बाजूंनी लागते. त्यातच गरम पाण्यात जिवाणू आणि बुरशी जोमाने वाढतात, आणि ओली, उघडी त्वचा त्यांना सहज सापडते.

काही पत्रकांत तर याच्याही पुढची मजल आहे. न्यूटला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सदरात टाकून त्याच्यासाठी उष्णता देणारा दिवा सुचवलेला असतो. पालीला किंवा कासवाला ऊन खाण्यासाठी लागणारा दिवा न्यूटच्या टाकीवर लावणे म्हणजे त्याच्या घराला आग लावण्यासारखे आहे. दुकानाच्या कपाटात ते शेजारी-शेजारी असतात, निसर्गात नसतात.

आता आपल्याकडे पाणी थंड कसे ठेवायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना घालण्यासारखा आहे. बहुतेक जण माठाचे उदाहरण देतील, आणि ते बरोबरच आहे. टाकीवर पंखा सोडला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी थंड होते. ५० लिटर पाणी एका अंशाने थंड करायला सुमारे २१० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा लक्षात घेतला तर त्यासाठी केवळ ८५-९० ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. म्हणजे अर्धा पेलाही नाही! पण हा हिशेब बाहेरून उष्णता आत येत नाही असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात ती सारखी येत असते. शिवाय बाष्पीभवनाला हवेतल्या आर्द्रतेची मर्यादा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीचा पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ही मर्यादा २३-२४ अंशांच्या आसपास येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ती २८ च्या आसपास असते. गंमत पाहा, थंडाव्याच्या बाबतीत तापलेले नागपूर दमट मुंबईपेक्षा सरस ठरते. पण २० अंश दोन्हीकडे दूरच राहतात. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी विहिरीचे पाणी घालत राहिलो तर टाकीतले क्षार वाढत जातात, ते वेगळेच.

उरतो विजेवर चालणारा शीतक. तो खर्चिक आहे. आणि मे महिन्यात दुपारी वीज गेली की पाण्याचे तापमान पुन्हा चढू लागते. म्हणजे आपल्या हवामानात न्यूटच्या घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग टाकी नसून अखंड वीज हा आहे. हे पत्रकात कुठे असणार? ज्या देशात ते लिहिले तिथे याची गरजच पडली नाही.

चौथे वाक्य : ‘पाणी स्वच्छ ठेवावे व नियमित बदलावे’

‘स्वच्छ’ म्हणजे काय? वाचक डोळ्यांनी पाहतो. पाणी नितळ दिसले की स्वच्छ. पण न्यूटच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया रंगहीन असतो. आपल्याला त्याचा वास येण्याच्या बरेच आधी तो न्यूटच्या त्वचेला इजा करतो. दिसायला काचेसारखे पाणी न्यूटच्या दृष्टीने विषारी असू शकते, आणि किंचित पिवळसर, शेवाळाच्या कडा असलेल्या टाकीतले पाणी अगदी सुरक्षित असू शकते.

हा अमोनिया काढून टाकण्याचे काम जिवाणू करतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. ते अजूनही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते बरेच सौम्य असते, काही वनस्पती शोषतात आणि उरलेले पाणी बदलताना निघून जाते. पाठ्यपुस्तकात शेतजमिनीच्या संदर्भात शिकवतो ते नायट्रोजनचक्रच हे. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर वस्ती करतात, आणि नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज टाकी आणि आजच न्यूट, हा बेत चुकीचा. घर बांधून झाले तरी त्यात शेजारी राहायला यायचे असतात.

‘नियमित बदलावे’ हा सल्ला पाळणारा उत्साही माणूस दर रविवारी सगळे पाणी ओततो, खडे घासतो, स्पंज नळाखाली चोळतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते आणि ते उपकारक जिवाणूंनाही सोडत नाही. परिणाम असा की सोमवारी टाकी चकचकीत असते आणि आतले चक्र पुन्हा पहिल्या दिवसावर गेलेले असते. बरोबर पद्धत म्हणजे दर खेपेस थोडे, चौथा हिस्सा वगैरे, पाणी बदलणे आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळणे. नव्या पाण्यातले क्लोरीन पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवल्यास बरेचसे उडून जाते. घाई असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अगदी थोड्या प्रमाणात तेच काम करतो.

आणखी एक बारकावा. अमोनियाची विषारीपणाची मात्रा पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७ वरून ८ वर गेला तर एकूण अमोनिया तेवढाच असूनही त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते. पुन्हा तोच धडा : एका गावी चाललेला सल्ला दुसऱ्या गावी तसाच चालेल याची खात्री नाही.

पाचवे वाक्य : ‘झाकण घट्ट असावे’

हे वाक्य सगळी पत्रके लिहितात आणि ते बरोबर आहे. न्यूटचे ओले अंग काचेला चिकटते आणि तो उभ्या भिंतीवरून सहज वर चढतो. बाहेर पडला की काही तासांत कोरडा पडून मरतो. याचे कारणही बऱ्याच पत्रकांत दिलेले असते. म्हणूनच हा सल्ला वाचक पाळतात. ज्या सल्ल्यामागे ‘कारण’ आहे तो पाळला जातो, हा योगायोग नसावा.

पण बंद झाकणाखाली हवा कोंडते, तापते, आणि बाष्पीभवन थांबते. म्हणून झाकण जाळीचे हवे. तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यांचे नाते असे आहे, आणि तेही वाचकाला स्वतःच शोधावे लागते.

जे वाक्य नसते

पत्रकातली सगळ्यात मोठी उणीव त्यात न लिहिलेल्या वाक्यांत आहे. हा प्राणी आला कोठून? तो पैदाशीतला आहे की रानातल्या डबक्यातून पकडून आणलेला? आणि नको झाला तर त्याचे काय करायचे?

हे प्रश्न केवळ दयाबुद्धीचे नाहीत. २०१० नंतरच्या काही वर्षांत नेदरलँड्समधल्या फायर सॅलॅमँडरची संख्या इतकी कोसळली की ते जवळजवळ नाहीसे झाले. २०१३ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या अॅन मार्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधून काढले : त्वचा पोखरणारी, तोपर्यंत अज्ञात असलेली एक कायट्रिड बुरशी. पुढच्या वर्षीच्या संशोधनातून दिसले की ही बुरशी मूळची आशियातली असावी. तिथल्या न्यूटच्या काही जाती तिच्याबरोबर फारसा त्रास न होता जगतात, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात गेली असावी. २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेने याच भीतीने सॅलॅमँडर व न्यूट यांच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. म्हणजे एखाद्या घरातल्या टाकीचे पाणी गटारात किंवा ओढ्यात ओतणे ही खाजगी बाब राहिलेली नाही. टाकीला भिंती असतात, तिच्यातल्या पाण्याला नसतात.

परक्या प्राण्यांना पाण्यात सोडल्याने काय होते याचेही उदाहरण याच कुळात आहे. चीनच्या युन्नान प्रांतात कुनमिंगजवळच्या तळ्यात न्यूटची एक वेगळी जात होती. प्रदूषण, काठावर घातलेली भर आणि बाहेरून आणून सोडलेले मासे व बेडूक यांच्यापुढे ती टिकली नाही. १९७९ नंतर ती कोणाला दिसलेली नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर ॲक्झोलोटल हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करणे आपल्याकडे बंधनकारक झाले आहे. मेक्सिको शहराजवळच्या ज्या पाण्यातून तो आला तिथे तो आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. दुकानदाराने दिलेल्या पत्रकात यातले काही असते का, ते घेणाऱ्याने अवश्य पाहावे.

आणखी एक न लिहिलेले वाक्य सुरक्षिततेचे आहे. न्यूटच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. चिनी न्यूटमध्ये ते कमी, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खरबरीत त्वचेच्या न्यूटमध्ये भरपूर. १९७९ साली ऑरेगॉन राज्यात असा न्यूट गिळलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. हात लावल्याने असे काही होत नाही, पण मुलांनी टाकीत हात घातल्यावर ते साबणाने धुवावेत आणि शक्यतो प्राण्याला हाताळूच नये. त्यात न्यूटचेही हित आहे. आपल्या हातावरचा साबण, तेल आणि मीठ त्याच्या त्वचेला सोसत नाही.

चांगले घर म्हणजे काय

एवढी टीका वाचून असे वाटेल की न्यूट नीट पाळणे अशक्यच आहे. तसे मुळीच नाही. पाळीव न्यूट वीस-पंचवीस वर्षे जगल्याची उदाहरणे आहेत. जपानी संशोधक गोरो एगुची आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जपानी न्यूटच्या डोळ्यातले भिंग काढले तर ते पुन्हा तयार होते. या संशोधकांनी त्याच न्यूटमधले भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढले आणि प्रत्येक वेळी ते नव्याने, तितकेच चांगले तयार झाले. प्रयोगाच्या शेवटी हे न्यूट किमान ३० वर्षांचे होते. या निबंधाची चर्चा पुनर्जननासाठी झाली, आणि ते योग्यच. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जाते. १६ वर्षे दररोज कोणीतरी या प्राण्यांचे पाणी, अन्न आणि तापमान सांभाळले. ते एका उन्हाळ्यात जरी चुकले असते तरी निष्कर्ष हाती आला नसता. प्राण्याचे घर हा प्रयोगाचाच भाग असतो.

मग माहितीपत्रकात नेमके काय उणे आहे? त्यात ‘पुरेसे’, ‘योग्य’, ‘नियमित’ अशी विशेषणे भरपूर आहेत आणि ‘कारण’ हा शब्द फारसा नाही. आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीशी त्याची तुलना करून पाहा. साहित्य आहे, कृती आहे, दक्षताही आहेत. निरीक्षणाचा रकाना तेवढा नाही. मुले ‘दक्षता’ या मथळ्याखाली ‘परीक्षानळी काळजीपूर्वक हाताळावी’ असे वर्षानुवर्षे उतरवून काढतात. कशासाठी, हे क्वचितच कोणी विचारते. न्यूटच्या पत्रकाचा दोष आपल्या ओळखीचाच आहे. पत्रक लिहिणाऱ्याला जागा कमी असते हे मान्य. पण कारण द्यायला अर्धी ओळ पुरते. उदाहरणार्थ :

पाणी २० अंशांच्या खाली ठेवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि प्राण्याला तो जास्त लागतो.

टाकी पसरट घ्या, कारण न्यूट तळावर राहतो. पाणी भरपूर ठेवा, कारण त्यात चुका सावकाश वाढतात.

प्राणी आणण्याआधी टाकी महिना-दीड महिना चालवा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

पाणी थोडे-थोडे बदला, कारण सगळे बदलले तर जिवाणूही जातात.

प्राणी किंवा टाकीतले पाणी कधीही बाहेरच्या पाण्यात सोडू नका, कारण त्याबरोबर रोग जातो.

सहा वाक्ये, आणि प्रत्येकात एक कारण. अशी वाक्ये प्रवास करू शकतात. ती वाचणारा माणूस नागपुरात असो की नॉर्वेत, आपल्या खोलीतला तापमापी पाहून तो स्वतः निर्णय घेऊ शकेल. नागपुरातला माणूस बहुधा न्यूट न आणण्याचा निर्णय घेईल, आणि तो निर्णय शास्त्रीय असेल.

शिक्षकांना एक सूचना करून थांबतो. न्यूट न आणता न्यूटचे घर तयार करा. वर्गात ४०-५० लिटरची एक रिकामी टाकी घ्या, त्यात क्लोरीन उडालेले पाणी, धुतलेली वाळू, हायड्रिलाच्या चार काड्या आणि एक स्पंज फिल्टर ठेवा. माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाका, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू तपासण्याचे संच मिळतात. विद्यार्थ्यांनी दोन दिवसांआड मोजमाप घ्यावे, तापमान सकाळी आणि दुपारी नोंदवावे, आणि सहा आठवड्यांनी आलेख काढावा. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो, त्याच्या मागून नायट्राइट चढून उतरते, आणि नायट्रेट वाढत राहते. हे जिवंत चक्र मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल. मग तापमानाच्या आलेखावर २० अंशांची आडवी रेघ ओढायला सांगा. वर्षातले किती दिवस आपली टाकी त्या रेघेच्या खाली राहिली, ते मुलांनीच मोजावे, आणि या खोलीत न्यूट राहू शकेल का याचे उत्तरही त्यांनीच द्यावे.